देवमाशाच्या तेलापासून कासवाच्या बिल्ल्यापर्यंत : समुद्राच्या नोंदींना पैसा कुठून आला

समुद्र वाचवायचा तर आधी तो मोजला पाहिजे, हे वाक्य आता अनुदानाच्या जवळपास प्रत्येक अर्जात सापडतं. पाठोपाठ उपग्रह, सेन्सर, कृत्रिम बुद्धिमत्ता हे शब्दही येतात. त्यामुळे हा सगळा प्रकार गेल्या दहा-पंधरा वर्षांतला वाटतो. खरं तर त्याला शंभर वर्षं होऊन गेली आणि सुरुवातीची मोठी थैली भरली होती ती देवमाशांच्या तेलावरच्या करातून.

दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देवमाशांच्या शिकारीचा प्रचंड धंदा उभा राहिला. बेट ब्रिटिशांकडे, कारभार फॉकलंडमधून. शिकार याच वेगाने चालली तर धंदाच बुडेल आणि महसूलही जाईल, ही धास्ती सरकारला होती. म्हणून तेलावरच्या करातूनच संशोधनाचा निधी काढला गेला आणि १९२५ मध्ये अंटार्क्टिकाचे शोधक कॅप्टन स्कॉट यांचं जुनं जहाज ‘डिस्कव्हरी’ दक्षिणेकडे निघालं. देवमासे कुठे जातात, काय खातात, किती उरलेत, याची आकडेवारी जमवून शिकारीला मर्यादा घालायची, असा बेत होता. पुढे क्रमांक कोरलेल्या पोलादी नळ्या बंदुकीने देवमाशांच्या अंगात मारायची पद्धत बसवण्यात आली. नळी सापडायची ती देवमासा मारून, कापून झाल्यावर. ती परत पाठवणाऱ्याला बक्षीस असे. म्हणजे नोंद पूर्ण व्हायला शिकारच लागायची!

माहिती उत्तम जमली. पण तोवर समुद्रातच तेल काढणारी कारखानाजहाजं आली होती. त्यांना ना बेटाची गरज होती, ना बेटावरच्या परवान्याची. १९३०-३१ च्या एका हंगामात अंटार्क्टिकाभोवती सुमारे २९ हजार निळे देवमासे मारले गेले. आकडे हाती असणं आणि आकड्यांचं कुणी ऐकणं यातलं अंतर तेव्हापासूनचं आहे.

त्याच ‘डिस्कव्हरी’वर अ‍ॅलिस्टर हार्डी हे प्राणिशास्त्रज्ञ होते. देवमाशांचं खाणं म्हणजे प्लवक, पाण्यात तरंगणारे बारीक जीव. ते शेकडो मैलांवर कसे पसरलेत हे जहाज न थांबवता कळावं म्हणून त्यांनी एक यंत्र बनवलं. माशाच्या आकाराची धातूची पेटी जहाजामागे दोरखंडाने ओढायची. पुढच्या छोट्या भोकातून पाणी आत शिरतं आणि रेशमी जाळीच्या पट्टीतून गाळलं जातं. मागचा पंखा पाण्याच्या जोराने फिरतो आणि त्याच्यावरच पट्टी हळूहळू पुढे सरकते. वरून दुसरी पट्टी बसते, मधले जीव जागच्या जागी अडकतात आणि गुंडाळी फॉर्मॅलिनमध्ये जाते. बंदरावर पट्टी उलगडली की कुठल्या मैलाला काय होतं ते सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येतं. पट्टीवर चढलेला हिरवेपणासुद्धा नोंदला जातो, कारण त्यावरून वनस्पती-प्लवकाचा अंदाज येतो. १९३१ पासून हे यंत्र उत्तर समुद्रात नियमित फिरू लागलं. खास संशोधन जहाज नाही. नेहमीच्या मार्गावरची मालवाहू आणि प्रवासी जहाजंच ते ओढत. कमी खर्चाचा इतका चांगला प्रयोग माझ्या माहितीत दुसरा नाही.

उद्देश साधा होता : हेरिंग मासळी कुठे मिळेल हे कोळ्यांना सांगणं. त्यात फार यश आलं असं नाही. पण नोंदी साठत गेल्या आणि भलत्याच कामी आल्या. उबदार पाण्यातल्या प्लवकांच्या जातींनी ईशान्य अटलांटिकमध्ये उत्तरेकडे सुमारे दहा अक्षांशांची मजल मारल्याचं २००२ मध्ये याच पट्ट्यांवरून दिसलं. २००४ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेले जुने नमुने पुन्हा तपासले, तर १९६० च्या दशकापासून त्यांत प्लास्टिकचे बारीक तंतू वाढत गेलेले. नमुने घेणाऱ्यांच्या मनात तेव्हा प्लास्टिक नव्हतंच.

आणि हाच उपक्रम १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडायला आला होता. ब्रिटनच्या सरकारी संशोधन परिषदेने पैसा थांबवला. त्याच त्या पट्ट्या वर्षानुवर्षं तपासत बसणं, यात नवीन काय, असा सूर होता. मग वेगवेगळ्या देशांकडून मदत गोळा करून १९९० मध्ये हार्डींच्या नावाने प्लिमथला स्वतंत्र प्रतिष्ठान उभं राहिलं. २०१८ मध्ये ते तिथल्याच मरीन बायॉलॉजिकल असोसिएशनमध्ये विलीन झालं. देणगीदाराला उद्घाटन आवडतं, तिसाव्या वर्षाचं वीजबिल नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेचा खजिनदार सांगेल.

खाजगी पैसा मोठ्या प्रमाणावर आला तो ‘सेन्सस ऑफ मरीन लाइफ’ या सागरी जीवगणनेतून. जनरल मोटर्सचे एकेकाळचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने सुमारे साडेसात कोटी डॉलर दिले. त्या भरवशावर इतरांकडून पैसा येत गेला आणि एकूण खर्च ६५ कोटी डॉलरच्या घरात पोचला. २००० ते २०१० अशी मुदत आधीच ठरलेली होती. ८० हून अधिक देश, सुमारे २,७०० शास्त्रज्ञ, ५४० मोहिमा. स्लोन प्रतिष्ठानाची चतुराई अशी की दशक संपल्यावर आकड्यांचं काय, हा प्रश्न त्यांनी वाऱ्यावर सोडला नाही. ओबिस हा नोंदींचा सामाईक साठा युनेस्कोच्या महासागर आयोगाने २००९ मध्ये आपल्याकडे घेतला. याच साठ्याचं हिंदी महासागरासाठीचं केंद्र आधी पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होतं. समुद्रापासून घाट चढून वर आलेल्या पुण्यात! पुढे ते कोचीला गेलं.

त्यानंतरचा टप्पा आकाशातून आला. मोठ्या जहाजांनी टक्कर टाळण्यासाठी आपली जागा रेडिओवर सांगत राहायची, अशी सोय आहे. हे संदेश उपग्रहांनाही मिळतात. स्कायट्रुथ आणि ओशियाना या पर्यावरणसंस्था आणि गूगल यांनी त्यांवरून मासेमारीचा माग काढणारं ‘ग्लोबल फिशिंग वॉच’ उभारलं आणि २०१६ मध्ये ते सर्वांना खुलं झालं. त्यामागेही देणग्याच आहेत, त्यात सुरुवातीला लिओनार्डो डिकॅप्रिओ यांच्या प्रतिष्ठानाचीही होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७० हजारांहून अधिक नौकांच्या हालचाली तपासल्या गेल्या आणि जगाच्या निम्म्याहून जास्त समुद्रात औद्योगिक मासेमारी चालते असं दिसलं. मात्र कोकणातल्या छोट्या होड्यांवर जागा सांगणारं हे यंत्र सहसा नसतंच. आपल्या किनाऱ्याचं चित्र या नकाशावर शोधणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि २०१५ मध्ये त्याला जोडून कांदळवन प्रतिष्ठान स्थापन झालं. खारफुटीच्या जागेतून जाणाऱ्या विकास प्रकल्पांकडून घेतलेली रक्कम हा या प्रतिष्ठानाच्या निधीचा एक स्रोत. डिसेंबर २०१८ मध्ये राज्याने जाळ्यात सापडलेलं कासव किंवा बहिरी मासा (व्हेल शार्क) सोडून देणाऱ्या मच्छीमाराला फाटलेल्या जाळ्यापोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई सुरू केली. दाव्याला फोटो किंवा व्हिडिओ लागतो. त्यामुळे कुठल्या बंदरासमोर काय सापडतं याची नोंद आपोआप तयार होऊ लागली. ती कुणी ‘डेटा प्रकल्प’ म्हणून मागितली नव्हती, पण मला ती फार मोलाची वाटते.

२०२२ च्या सुरुवातीला कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेने ऑलिव्ह रिडले जातीच्या पाच कासव-माद्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रं बसवली. वेळासच्या किनाऱ्यावरून निघालेली ‘प्रथमा’ वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचली. ही यंत्रं महाग असतात आणि पाचांपैकी एकाही कासवाचा माग वर्षानुवर्षं मिळाला नाही. काही महिन्यांतच संदेश थांबले. मग जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर धातूचा बिल्ला दिसला. क्रमांक ०३२३३. भारतीय प्राणी सर्वेक्षणाने तो २०२१ मध्ये ओडिशात लावला होता. म्हणजे ती पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेला आली होती, किमान साडेतीन हजार किलोमीटर पोहून. दोन्ही किनाऱ्यांवरची कासवं वेगळी, हा समज त्या बिल्ल्याने हलवला. त्यात ना बॅटरी, ना मासिक शुल्क. लागला तो फक्त अंड्यांच्या हंगामात किनाऱ्यावर गस्त घालून क्रमांक वाचणारा माणूस आणि त्याचं मानधन.