रविवारचा इटालियन-अमेरिकन मीट सॉस: पॅक घरी नेल्यावर काय करायचं

नमस्कार मंडळी, काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं ते हेच, की तुमचं संडे सॉसचं पॅक घेतलं पण पुढे काय, कुकरला लावायचं का, मसाला कुठला घालायचा. गर्दीच्या वेळी नीट उत्तर देता येत नाही म्हणून हा कागद पिशवीत टाकतोय. एकदा वाचून फ्रिजवर लावून ठेवा.

आधी हे आहे काय ते. १८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन लोक अमेरिकेत आले, त्यातले बहुतेक दक्षिणेकडचे, नेपल्सच्या आसपासचे, सिसिलीचे, कलाब्रियाचे. आपल्या न्यू जर्सीत नेवार्क, होबोकेन, ट्रेंटनचं चेंबर्सबर्ग इथे त्यांच्या वस्त्या झाल्या. गावाकडे या गरीब लोकांच्या ताटात मीट सणासुदीलाच पडायचं, इथे मजुरी करून का होईना पण दर आठवड्याला घेता यायला लागलं, मग नेपल्सचा जो रागू होता (मीटचे मोठे तुकडे टोमॅटोत तासन्‌तास शिजवायचे) त्याच पातेल्यात सॉसेज आलं, मीटबॉल आले, बरगड्या आल्या, आणि रविवारी दुपारी सगळं घर जेवायला बसेल इतकं मोठं पातेलं झालं. उत्तर इटलीतल्या बोलोन्या शहराचा रागू वेगळा बरं का, त्यात खिमा असतो, टोमॅटो कमी, दूधही घालतात, आणि १९८२ साली त्याची रेसिपी तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवून ठेवलीय. आमच्या पॅकचा त्याच्याशी संबंध नाही, त्यामुळे बोलोनेझचा व्हिडिओ बघून हे करायला जाऊ नका.

पॅकमध्ये काय आहे

हाडासकट लॅम्बचे तुकडे (मान आणि खांदा) दीड पाउंड, चिकनचं इटालियन सॉसेज १ पाउंड, तुम्ही सांगितलेला खिमा १ पाउंड, सोललेल्या अख्ख्या टोमॅटोचे २८ औंसांचे २ कॅन, टोमॅटो पेस्टची ट्यूब, पेकोरिनो चीजचा तुकडा आणि रिगाटोनी (जाड नळीसारखा पास्ता) २ पाकिटं. ६ ते ८ माणसांना पुरतं, मीटही उरतं. घरचं लागेल ते म्हणजे १ कांदा, लसणाच्या ८-१० पाकळ्या, पाव कप ऑलिव्ह ऑइल, ब्रेडच्या ३ स्लाइस, अर्धा कप दूध, १ अंडं, पार्सली, बेसिल.

इटालियन घरांत यात डुकराच्या मानेची हाडं नाहीतर बरगड्या असतात आणि बीफही असतं. आपल्याकडच्या बऱ्याच गिऱ्हाइकांना दोन्ही चालत नाही म्हणून आम्ही लॅम्बवर हे बसवलंय, खाणाऱ्यांनी पोर्क नेक बोन मागून घ्या, चव अस्सल तीच. बोकडाचं मटण घातलं तरी चालतं, पण हाड हवंच. बोनलेस घेऊन हा सॉस करायचा म्हणजे फक्त टोमॅटोची चटणी होते. हाडाजवळच्या चिवट भागात जे कोलॅजन असतं ते मंद आचेवर दोन-अडीच तासांत विरघळून जिलेटिन होतं आणि त्यानेच सॉसला तो चिकट दाटपणा येतो, पीठ-बीठ काही लावावं लागत नाही.

पोर्क अजिबात न खाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: बाहेरून चिकन सॉसेज घेताना लेबल वाचा, आत चिकन असलं तरी वरचं आवरण बऱ्याचदा डुकराच्या आतड्याचं असतं. आमच्या पॅकमधलं मेंढीच्या आतड्यात भरलेलं आहे. आणि सॉसेजवर ‘स्वीट’ लिहिलेलं असलं तर ते गोड नसतं, तिखट नाही एवढंच. चीजचंही असंच, पार्मिजानो घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, पेकोरिनो रोमानोला कोकराचं, म्हणून बीफ टाळणारे पेकोरिनो मागतात. ते जास्त खारट असतं हे लक्षात ठेवून मीठ घाला.

टोमॅटोबद्दल थोडं

सान मार्झानोच हवेत का? व्हेसुव्हियस डोंगराच्या पायथ्याजवळच्या पट्ट्यात पिकणारे खरे सान मार्झानो फार छान असतात, डब्यावर डीओपीचा (माल त्याच मूळ भागातला असल्याची युरोपातली खूण) लाल-पिवळा शिक्का असतो आणि ते अख्खे सोललेले किंवा उभे कापलेलेच मिळतात. म्हणजे ‘सान मार्झानो क्रश्ड’ असा डबा दिसला तर तो डीओपी नाही, सरळ. पण आमचं प्रामाणिक मत सांगू का, जो सॉस तीन तास मटणाबरोबर शिजणार त्यात कॅलिफोर्नियाचे चांगले कॅन अगदी पुरेसे होतात, म्हणून पॅकमध्ये तेच देतो. महागाचे डबे वीस मिनिटांच्या साध्या सॉसला ठेवा. बारीक चौकोनी फोडींचे डबे मात्र घेऊ नका, फोडी मोडू नयेत म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात आणि मग तुम्ही कितीही शिजवा, त्या विरघळतच नाहीत. अख्खे टोमॅटो हाताने कुस्करायचे, मिक्सर नको, बिया वाटल्या गेल्या की कडवटपणा येतो.

आता करायचं कसं

जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या, स्टीलचं नाहीतर इनॅमलचं डच ओव्हन. लोखंडी कढई किंवा साधं अॅल्युमिनियम नको, टोमॅटोच्या आंबटपणाने धातूची चव उतरते.

लॅम्बचे तुकडे पेपर टॉवेलने खरंच कोरडे करा, मीठ-मिरपूड लावा आणि तेलात थोडे थोडे टाकून सगळ्या बाजूंनी खरपूस भाजून घ्या. एकदम सगळे टाकले की पाणी सुटतं, मटण उकडतं आणि रंग येत नाही, घाई करणाऱ्यांचं सगळं इथेच बिघडतं. ते काढून त्याच तेलात सॉसेज वरून तांबूस करून बाजूला ठेवा (आतून कच्चं असू द्या, फ्रिजमध्ये ठेवा). बुडाला जे चिकटलंय ते काळं झालं नसेल तर तीच खरी कमाई, धुऊन टाकू नका.

आता आच कमी करून बारीक चिरलेला कांदा, मऊ झाला की ठेचलेल्या ५-६ पाकळ्या लसूण, मग ३ टेबलस्पून पेस्ट. पेस्ट तेलात ४-५ मिनिटं परता, लाल रंग जाऊन विटकरी होईपर्यंत, कच्चा वास तेव्हाच जातो. मग अर्धा कप रेड वाइन ओतून बूड खरवडून घ्या आणि वाइन आटू द्या. वाइन नको असेल तर अर्धा कप पाणी किंवा स्टॉक, आणि अगदी शेवटी चमचाभर व्हिनेगर. कुस्करलेले टोमॅटो, अर्धा कॅन पाणी, लॅम्ब, अर्धा चमचा जाडसर कुटलेली बडीशेप, हवे तर चिली फ्लेक्स, बेसिलची एक काडी. झाकण थोडं उघडं ठेवायचं.

आणि इथून पुढे आच. सॉस खदखदायला नको, अधूनमधून एखादा बुडबुडा फुटेल इतपतच. दर पंधरा-वीस मिनिटांनी बुडापासून ढवळा कारण टोमॅटोतली साखर खाली लागते, आणि लागलंच तर खरवडू नका, वरचा सॉस हळूच दुसऱ्या पातेल्यात काढा. दीड तास झाला की सॉसेज सोडा. तासाभरात वर केशरी तेल दिसायला लागेल, मिसळीवर तर्री येते तसं, ते सगळं काढू नका, चव त्यात असते, फार जास्त वाटलं तर डावाने थोडं काढा.

मसाल्याचा मोह आवरा! आलं-लसूण पेस्ट, गरम मसाला, कांदा-लसूण मसाला यातलं काहीही घातलं की छान रस्सा होतो, आम्हीही खातो, पण मग पास्ता कशाला, भाकरी करा ना. इथे बडीशेप, बेसिल आणि वेळ एवढंच काम करतं. साखरही लगेच ढकलू नका, दोन तासांनी चाखा, आंबटपणा बराच कमी झालेला असतो, तरीही वाटला तर चिमूटभर खायचा सोडा.

मीटबॉल

सॉस शिजत असताना हे करून घ्या. ब्रेडच्या कडा काढून दुधात भिजवा, कुस्करून लगदा करा, त्यात अंडं, अर्धा कप किसलेलं पेकोरिनो, पार्सली, दोन-तीन पाकळ्या लसूण आणि पाऊण चमचा मीठ, शेवटी खिमा. हलक्या हाताने मिसळा, कबाबाच्या खिम्यासारखं मळत बसलात तर बॉल रबरी होतात. ब्रेड हा भर म्हणून नाही हं, तो पाणी धरून ठेवतो म्हणून आतून मऊ राहतं. टर्कीचा खिमा घेणाऱ्यांनी मांडीचा मागा, ब्रेस्टचा कोरडा पडतो. लिंबाएवढे गोळे करा, ४२५ डिग्री फॅरनहाइटला १५ मिनिटं ओव्हनमध्ये रंग आणा आणि शेवटची अर्धा-पाऊण तास सॉसमध्ये सोडा. थर्मामीटर असेल तर लॅम्ब-बीफच्या खिम्याचं आतलं तापमान १६० आणि चिकन-टर्कीचं १६५ डिग्री फॅरनहाइट व्हायला हवं, सॉसेज चिकनचं म्हणून त्यालाही १६५.

लॅम्ब हाडावरून सुटायला लागलं की झालं, साधारण अडीच ते तीन तास. मीठ आता चाखून घाला, आधी नाही, कारण सॉसेज, चीज, मीटबॉल सगळं खारट असतं आणि सॉस आटलेला असतो.

कुकर चालेल का

चालतो, पण पूर्ण काम त्यावर सोडू नका. लॅम्ब भाजून, पेस्ट परतून, एका कॅनचे टोमॅटो आणि एक कप पाणी घालून इलेक्ट्रिक कुकरला ३५ मिनिटं लावा (बूड आधी नीट खरवडलेलं हवं, नाहीतर जळल्याची सूचना देऊन बंद पडतो), मग झाकण काढून उरलेले टोमॅटो, सॉसेज, मीटबॉल घालून उघड्यावर पाऊण-एक तास आटवा. बंद कुकरमध्ये पाणी उडत नाही म्हणून तो आटवण्याचा वेळ वाचवता येत नाही.

वाढताना

दोन पाकिटांचा पास्ता एकदम उकळू नका, लागेल तसा करा, एका पाकिटात चार-पाच जण जेवतात. पाकिटामागे ४ लिटर पाणी, २ टेबलस्पून मीठ, आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक-दोन मिनिटं आधीच काढा. पास्त्याचं एक वाटीभर पाणी राखून ठेवा. मोठ्या कढईत पास्ता, दोन-तीन डाव सॉस आणि थोडं ते पाणी एकत्र करून मिनिटभर हलवा म्हणजे सॉस पास्त्याला धरतो, नुसता वरून ओतला तर ताटात पाणी वेगळं दिसतं. जुन्या पद्धतीत आधी हा पास्ता वाढतात आणि मटण, सॉसेज, मीटबॉल वेगळ्या मोठ्या ताटात मधे ठेवतात. लहान मुलांना वाढण्याआधी हाडांचे बारीक कपचे नीट बघून काढा, मानेच्या तुकड्यांत हमखास असतात.

उरलं तर

दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतो. पण गरम पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवू नका, दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये टाका, ३-४ दिवस टिकतो. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने, पास्ता न मिसळता.

पॅक फ्रेश असतं, नेल्यापासून दोन दिवसांत करा, खिमा आणि सॉसेज तर दुसऱ्याच दिवशी, जमत नसेल तर मीट लगेच फ्रीझ करा. खिमा कुठला, पोर्क चालतं की नाही आणि किती माणसं हे ऑर्डर देतानाच सांगा. मानेचे तुकडे कमी निघतात आणि शनिवारी सकाळीच संपतात, तेव्हा ते हवे असतील तर गुरुवारपर्यंत कळवा, नाहीतर नुसता खांदा मिळेल.