पाण्याखालील स्कूटर (काठावरून मारायच्या डुबकीसाठी)

पाणबुड्याला पाण्यातून ओढत नेणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र. पुढे बॅटरी, मागे मोटर व कड्यात बसवलेला पंखा आणि खटक्याची मूठ, एवढीच तिची रचना. बोट न घेता किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरणाऱ्याला लांबच्या खडकापर्यंत दमछाक न होता पोचता येते.

उगमाबद्दल एकमत नाही. एक परंपरा तो पहिल्या महायुद्धापर्यंत मागे नेते. १ नोव्हेंबर १९१८ रोजी राफाएले रोसेत्ती व राफाएले पाओलुच्ची हे इटालियन नौदल अधिकारी ‘मिन्यात्ता’ या पाणतीरासारख्या यंत्राला धरून पुला बंदरात शिरले आणि त्यांनी ‘व्हिरिबुस युनितिस’ ही युद्धनौका बुडवली. पण ते यंत्र पृष्ठभागालगत चाले आणि स्वारांची डोकी पाण्याबाहेर राहत. त्याला स्कूटरचे पूर्वज म्हणणे ओढूनताणून वाटते. तेसेओ तेसेई व एलिओस तोस्की यांनी १९३५ च्या सुमारास आखलेल्या ‘मायाले’चे (म्हणजे डुकराचे) स्वार प्राणवायूची यंत्रे लावून खरोखर पाण्याखाली जात. डिसेंबर १९४१ मध्ये अलेक्झांड्रिया बंदरात दोन ब्रिटिश युद्धनौका त्यांनी निकामी केल्या. तरी तेही दोघांचे आणि स्फोटक वाहून नेणारे वाहन. एकट्या पाणबुड्याचे नागरी यंत्र म्हणून पाण्याखालील छायाचित्रणातले तज्ज्ञ दिमित्री रेबिकॉफ यांचे ‘पेगासस’ (१९५० नंतरची पहिली काही वर्षे) हे मूळ धरणे अधिक सयुक्तिक. त्यावर मात्र स्वार व्हावे लागे. दोरीने ओढून नेणाऱ्या आजच्या स्कूटरची घडण बहुधा फ्लोरिडातील गुहांमध्ये डुबक्या मारणाऱ्यांच्या हातून झाली.

दोरी हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. ती दोन पायांमधून येणाऱ्या पट्ट्याच्या कडीत अडकवतात, म्हणजे ओढ हातांवर न येता कमरेवर येते. लांबी बरोबर असेल तर कोपर किंचित वाकलेले राहते आणि हाताला फक्त खटका दाबण्याचे व दिशा देण्याचे काम उरते. दोरी आखूड पडली की पंख्याचा झोत छातीवर आदळून वेग घटतो. लांब झाली की हात ताणून खांदे भरून येतात. वेगाचा हव्यासही महागात पडतो. लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग पाचव्या हिश्शाने कमी केला तर बॅटरीवरचा भार जवळपास निम्मा होतो.

लाटांतून आत जाताना स्कूटर पोटासमोर धरू नये; लाट ती अंगावर फेकते. ती बाजूला किंवा मागे ठेवावी, बाहेर येताना पुढे, किनाऱ्याच्या बाजूला. कमरेपेक्षा उथळ पाण्यात खटका दाबला की पंख्यात वाळू शिरते.

किती लांब जायचे हे बॅटरी ठरवत नाही. स्कूटर बंद पडल्यावर पोहत परतायला लागणारी हवा ठरवते. मिनिटाला ५० मीटर वेगाने १० मिनिटे गेल्यास ५०० मीटर होतात. बंद स्कूटर ओढत मिनिटाला १५ मीटर पोहता येईल असे धरले, तर परतीला ३३ मिनिटे. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट. श्रमात पृष्ठभागावरच्या हिशोबाने मिनिटाला २० लिटर, म्हणजे तिथे ४० लिटर हवा लागते. परतीला १,३३० लिटर, जाताना श्रम नसल्याने सुमारे ३०० लिटर. १२ लिटरच्या, २०० बार (बार हे दाबाचे एकक) भरलेल्या सिलिंडरमधून ५० बार राखीव सोडले तर हाताशी १,८०० लिटरच असतात. थोडक्यात, दाबमापकाचा काटा १७५ बारवर असतानाच मागे वळायचे. नवख्याला हे पटत नाही.

बिघाड बहुतेक सांध्यातला. झाकणाच्या रबरी कड्याखाली केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाणी शिरते. बंद करण्यापूर्वी कडे काढून, पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. जुन्या शिसे-आम्ल बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, म्हणून झाकण उघडे ठेवूनच चार्जिंग. जाळ्याचा तंगूस पंख्यात गुंततो. सोडवण्यापूर्वी वीज तोडावी, नाहीतर बोटे जातात. वर येण्यासाठी स्कूटर वापरू नये. मिनिटाला ९ मीटरची मर्यादा नकळत ओलांडली जाते.

नाशिकहून जाणाऱ्यांसाठी : १६० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानाच्या सामानात चालत नाही, त्यामुळे स्कूटर रस्त्यानेच मालवण-तारकर्लीला न्यावी लागते. नाशिकच्या तरणतलावात समतोल साधलेली स्कूटर समुद्रात वर तरंगते. खारे पाणी सुमारे अडीच टक्के जड असल्याने २० लिटर पाणी सारणाऱ्या स्कूटरला अर्धा किलो शिसे वाढवावे लागते. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, आणि ३०० मीटरवरील पाण्याला उंचीची कोष्टके (किती खोलीवर किती वेळ थांबणे सुरक्षित हे सांगणारे तक्ते) लागू होतात; गंगापूर धरणातील १८ मीटरची डुबकी कोष्टकात साधारण १९ मीटरची धरावी. परतीचा प्रवास अधिक जपून करावा, कारण उंचीवर हवेचा दाब घटून डुबकीत अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. एकाच डुबकीनंतर १२ तास आणि अनेक दिवसांच्या डुबक्यांनंतर १८ तास थांबूनच घाट चढावा. शेवटची डुबकी सकाळी मारून त्याच दुपारी गाडी काढणे ही नेहमीची चूक.