विमानाच्या सुट्या भागांवर सीमाशुल्क शून्य कसे झाले?

बोईंग ७८७ च्या केबिनच्या फरशीखालच्या कंपोझिट तुळया नागपूरच्या मिहानमध्ये बनतात, एअरबसचे पंख ब्रिटनमध्ये. एका विमानासाठी अनेक देशांतून माल येतो. प्रत्येक सीमेवर शुल्क भरायचे म्हटले तर किंमत फुगतच जाणार. म्हणून जागतिक व्यापार वाटाघाटींच्या टोकियो फेरीत, १२ एप्रिल १९७९ रोजी जिनिव्हात नागरी विमान व्यापाराचा करार झाला आणि १ जानेवारी १९८० पासून लागू झाला. नागरी विमाने, इंजिने, सुटे भाग, सिम्युलेटर आणि दुरुस्ती यांवरचे शुल्क सह्या करणाऱ्या देशांनी रद्द केले. लष्करी विमाने वगळली. जागतिक व्यापार संघटनेतही हा करार ऐच्छिकच राहिला; शून्य दर मात्र इतर सदस्यदेशांच्या मालालाही मिळतो.

खरी मेख परिशिष्टात आहे. नुसता एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) जुळून भागत नाही, माल नागरी विमानातच बसणारा हवा. ॲल्युमिनियमचा अख्खा पत्रा सवलतीत बसत नाही. तोच मापात कापून, आकार देऊन, विमान उत्पादकाचा पार्ट नंबर घेऊन आला तर बसतो. कच्चा माल आणि वापरून संपणाऱ्या वस्तू बाहेरच. अमेरिकेत सूट मागताना दरकोडाला ‘सी’ हे चिन्ह जोडावे लागते. ते राहिले, किंवा वापराचा पुरावा कमी पडला, की सूट अडकते.

विमान कंपन्यांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानांचे करारातले कलम मात्र मोघम ठेवले गेले, आणि भांडण तिथेच पेटले. १९९२ मध्ये अमेरिका आणि युरोपने नव्या मोठ्या विमानाच्या विकासखर्चात थेट सरकारी मदतीला ३३ टक्क्यांची मर्यादा घातली. २००४ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांवर दावे ठोकले. २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या लवादाने अमेरिकेला वर्षाला सुमारे ७.५ अब्ज डॉलरच्या प्रतिकारवाईची मुभा दिली. अमेरिकेने एअरबसवर आधी १० आणि मग १५ टक्के शुल्क लावले. पुढच्या वर्षी युरोपलाही सुमारे ४ अब्जांची मुभा मिळाली. जून २०२१ मध्ये दोघांनी ही शुल्के पाच वर्षांसाठी थांबवली.

भारत या करारात निरीक्षक आहे, सही केलेली नाही. इथली अडचण वेगळी होती: एचएस कोड बदलला की सुट्या भागांवरचा आयजीएसटी (आयातीवर लागणारा एकात्मिक जीएसटी) ५, १२, १८ किंवा २८ टक्के व्हायचा, त्यामुळे वर्गीकरणाचे वाद आणि दुरुस्ती केंद्रांचे अडकलेले भांडवल हे ठरलेलेच. १५ जुलै २०२४ पासून, ठरावीक अटी पाळल्यास, कोड कोणताही असो, सरसकट ५ टक्के लागतो.