ससेपालन : व्यायलेली मादी व पिलावळ (कोकण किनारा)

पाळीव सशाची मादी गाभण राहिल्यापासून तिची पिले दूध सोडेपर्यंत घ्यावयाची काळजी. कोकणात हे संगोपन बहुधा परसातील पिंजऱ्यात, पडवीत किंवा मांगराच्या आडोशाने होते. सर्व पाळीव जाती ऑरिक्टोलेगस क्युनिक्युलस या एकाच युरोपीय जातीतून उत्पन्न झाल्या आहेत. न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएट चिंचिला या भारतात परिचित आहेत. कोकणातील रानससा (लेपस नायग्रिकोलिस) निराळ्या प्रजातीतला असून त्याचा विचार शेवटी केला आहे.

उत्पत्ती : ससा माणसाळण्याचा इतिहास पिलांशीच निगडित आहे. प्लिनी या रोमन लेखकाने (इ. स. पहिले शतक) स्पेनच्या वर्णनात ‘लॉरिसेस’ या खाद्याचा उल्लेख केला आहे, मादीच्या पोटातून काढलेली वा अंगावर पिणारी पिले असा त्याचा अर्थ. पुढे इ. स. ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी ही पिले उपवासाला चालतात असे जाहीर केले, म्हणून दक्षिण फ्रान्समधील मठवासीयांनी ससे पाळीव केले, अशी कथा अनेक संदर्भग्रंथांत आढळते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिकित्सेत हा आधार टिकला नाही. तूरचा ग्रेगरी या सहाव्या शतकातील इतिहासकाराने लेंटच्या उपवासकाळात सशाची पिले खाणाऱ्या एका माणसाविषयी लिहिले होते. पुढच्या लेखकांनी नामसाधर्म्यामुळे चुकून त्याच्या जागी पोप ग्रेगरी आणला, असे त्या अभ्यासकांचे म्हणणे. जनुकीय पुरावा पाळीव सशांचे नाते दक्षिण फ्रान्समधील रानटी सशांशी जोडतो. मात्र एका ठरावीक सालाचा पुरस्कार करीत नाही. माणसाळण्याची क्रिया अनेक शतके हळूहळू चालली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

गाभणकाळ : सशाच्या मादीत बीजमोचन (अंडाशयातून अंडी सुटणे) समागमानंतर साधारण १०–१२ तासांनी होते. गाभणकाळ ३०–३२ दिवसांचा असतो. १६–१८ व्या दिवशीच मादी केस उपटू लागली तर बहुधा ती खोटी गाभण असते. २७–२८ व्या दिवशी पिंजऱ्यात लाकडी पेटी ठेवून तीत भाताचा सुका पेंढा घालतात. वरून मादी पोटाचे केस उपटून अस्तर करते. ती बहुधा रात्री किंवा पहाटे विते. वेतात साधारण ६–८ पिले असतात. व्याल्याबरोबर मादी पुन्हा नर घेण्यास तयार होत असल्याने नर आधीच वेगळा करावा.

पाजणे : नवख्या पाळणाऱ्याची खरी घालमेल इथे होते. मादी दिवसभर पेटीकडे फिरकत नाही, म्हणून तिने पिले टाकली असे वाटते. प्रत्यक्षात ती चोवीस तासांतून एकदा, जेमतेम ३–५ मिनिटे पाजते. काही निरीक्षणांत दोन किंवा अधिक वेळा पाजल्याचे दिसले असले, तरी एक वेळ हाच सर्वसाधारण क्रम मानणे योग्य. आईचा वावर कमी राहिला की शिकारी प्राण्यांना बिळाचा सुगावा लागत नाही, असे याचे कारण दिले जाते. आंधळी पिले इतक्या थोड्या वेळात आचळ कसे शोधतात याचा उलगडा २००३ मध्ये झाला : मादीच्या दुधात २-मेथिलब्यूट-२-ईनाल हा गंधद्रव्यरूप संकेत सापडला. तिच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश गायीच्या दुधाच्या तिपटीच्या आसपास असतात.

पोट गोल व कातडी ताणलेली असेल तर पिलू धालेले समजावे. सुरकुतलेली कातडी व सततची चुळबूळ ही भुकेची खूण. हात लागला की आई पिले सोडते, हा समज पाळीव सशाबाबत खरा नाही. रोज एकदा पेटी पाहून मेलेले पिलू काढलेच पाहिजे. पेटीबाहेर पडलेले पिलू मादी तोंडात धरून परत आणीत नाही. ते आपणच उचलून ठेवावे. गारठलेले पिलू ऊब दिल्यावर पुष्कळदा सावरते, म्हणून ते मेले असे घाईने ठरवू नये. वेत मोठे असल्यास दोन-तीन दिवसांच्या फरकाने व्यायलेल्या दुसऱ्या मादीखाली काही पिले लावतात. वरच्या दुधापेक्षा हा मार्ग केव्हाही चांगला. बाटलीने पाजताना दूध फुप्फुसात जाण्याचा धोका मोठा असतो.

कोकणातील विशेष : थंड देशांतील मार्गदर्शनात ऊब राखण्यावर भर असतो, किनाऱ्यावर मात्र उकाडा व ओल हे मुख्य शत्रू आहेत. सशाला घाम येत नाही. तो शरीरातील उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. तापमान ३० अंश सेल्सिअसपलीकडे गेले की मादीची भूक व दूध घटते. मार्च ते मे या काळात पत्र्यापेक्षा माडाच्या झापांनी शाकारलेले छप्पर हिताचे. पिले एकमेकांपासून दूर पसरून पडली असतील तर केसांचे अस्तर विरळ करावे; ढिगाने बिलगली असतील तर तसेच ठेवावे. पावसाळ्यात ओला पेंढा दिसताच बदलावा, कारण त्यात बुरशी धरते, माश्या बसतात. तांबड्या मुंग्या नवजात पिलांना मारू शकतात, म्हणून पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवतात. धामण, मुंगूस व घूस यांसाठी बारीक जाळी लागते.

दूध तोडणे : डोळे १०–१२ दिवसांत उघडतात, तिसऱ्या आठवड्यात पिले पाला कुरतडू लागतात. दूध चार ते सहा आठवड्यांनी तोडतात. याच सुमारास कॉक्सिडिया या परजीवींमुळे हगवण लागते. ओल्या, लेंड्या साचलेल्या तळात ती झपाट्याने पसरते. पावसातला चारा सुकवून घालावा. सुबाभळीत मायमोसीन हे विषद्रव्य असल्याने तिचा पाला बेतानेच द्यावा.

रानससा : याची मादी बीळ करीत नाही. पिले अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात आणि गवतात एकटी निपचित बसतात. काजूच्या बागेत किंवा कातळसड्यावर असे पिलू दिसले तर ते पोरके समजून घरी आणू नये. आई ठरल्या वेळी येऊन त्याला पाजते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानससा संरक्षित आहे. जखमी पिलू आढळल्यास वनविभागाला कळवावे.