अनवाणी पाय आणि १९५० चा विश्वचषक: एक खुलासा

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे फुटबॉल सामने रंगले की एक गोष्ट हमखास निघते: अनवाणी खेळू दिले नाही म्हणून भारताने १९५० च्या फुटबॉल विश्वचषकावर पाणी सोडले. ही गोष्ट खरी नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतांशी अनवाणी खेळलेल्या आपल्या संघाने दोन पेनल्टी हुकूनही फ्रान्सला झुंजवले आणि सामना २-१ असा थोडक्यात गमावला, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीतही अनेकजण अनवाणीच उतरले. तिथे युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभव झाल्यावर बुटांची सक्ती केली ती आपल्याच अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने. विश्वचषकाला न जाण्यासाठी महासंघाने संघनिवडीतील मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ ही कारणे दिली होती, तीही काहीशी लंगडीच; खर्चाचीही मोठी अडचण नव्हती, कारण ब्राझीलचे आयोजक बराचसा खर्च उचलायला तयार होते. विश्वचषकाची आपल्याला कल्पनाच नव्हती, ऑलिंपिक हेच सर्वस्व होते, असे कर्णधार शैलेन मन्ना यांनी उत्तरायुष्यात स्पष्ट सांगितले.