जुनी लेबलं नेताय? घरी जाऊन धुवायच्या आधी हे वाचा

आमच्याकडून जुन्या औषधाच्या बाटल्या नेणारे बरेचजण घरी पोचल्या पोचल्या एकच उद्योग करतात, बाटली धुतात. प्लीज, धुऊ नका! कागदी लेबल डिंकावर चिकटवलेलं असतं, ओलं झालं की सुटतं नाहीतर शाई पसरते. आणि ज्या बाटल्यांवर सोनेरी लेबल काचेच्या पातळ तुकड्याखाली बसवलेलं असतं (अमेरिकेत वॉल्टनचं पेटंट १८६२ चं, काही बाटल्यांच्या बुडाला ते उठवलेलंच असतं) तिथे कडेने पाणी आत शिरलं की संपलंच, तो डाग काढायला आम्हालाही जमत नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बास.

लेबलवरचं लॅटिन बघून घाबरू नका, ते सगळं तोडून लिहिलेलं असतं. पल्व्ह. म्हणजे चूर्ण, उंग. म्हणजे मलम, टिंक्ट. म्हणजे अर्क, मग पल्व्ह. रेई झालं रेवाचिनीचं चूर्ण आणि टिंक्ट. ओपिआय म्हणजे चक्क अफूचा अर्क! अंगावर उभ्या रेघा उठवलेल्या निळ्या बाटल्या बहुतेक विषाच्या, अंधारात नुसत्या हाताला कळावं म्हणून तशा.

खरं की रिप्रिंट हे कसं ओळखायचं, हे सगळेच विचारतात. यूव्ही टॉर्च मारा, कागद निळसर पांढरा चमकला तर तो साधारण १९५० नंतरचा, कारण कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून ती केमिकल्स तेव्हापासून घालायला लागले. न चमकणारा कागद मात्र जुनाच असेल असं नाही, त्यामुळे भिंगाखाली छपाईही बघा. अमेरिकन लेबलवर ३० जून १९०६ च्या कायद्याचा (तिथला अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा) उल्लेख असेल तर ते त्याआधीचं नाही, एवढं नक्की.

आम्ही बाटल्या रिकाम्याच विकतो, पण दुसरीकडून घेतलेल्या बाटलीत तळाला काही वाळून बसलं असेल तर उघडू नका, वास तर अजिबात घेऊ नका. पारा, आर्सेनिक काहीही असू शकतं, आणि पिक्रिक ॲसिड असेल तर वाळल्यावर नुसतं बूच फिरवल्यानेही त्याचा स्फोट होऊ शकतो. हात न लावता घातक कचरा नेणाऱ्यांना कळवा.

सुटी लेबलं फ्रेम करा पण लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, मागे ॲसिड-फ्री बोर्ड हवा आणि उन्हासमोरची भिंत टाळा. काहीजण फार्मसी लुक म्हणून बाथरूममध्ये लावतात, फोटो बघूनच आमच्या पोटात गोळा येतो, ओलाव्याने बुरशी धरते आणि जुन्या खळीवर कसर तुटून पडते. तिथे रिप्रिंटच लावा, मागितलात तर करून देतो, मागे ‘रिप्रिंट’ असा शिक्का मारून.