जागतिकीकरण आणि स्त्रियांचा रोजगार

व्यापार, भांडवल व उत्पादन देशांच्या सीमा ओलांडून विस्तारल्यामुळे स्त्रियांच्या अर्थार्जनावर आणि स्त्री-पुरुष वेतनतफावतीवर झालेला परिणाम. त्याची चर्चा साधारणपणे १९६० नंतरच्या निर्यातप्रधान कारखान्यांपासून सुरू होते. मेक्सिकोच्या उत्तर सीमेवरील जुळणी कारखाने, तैवानमधील काओस्युंग (१९६६) व दक्षिण कोरियातील मासान (१९७०) येथील निर्यातक्षेत्रे (निर्यातीच्या उत्पादनासाठी सवलती देऊन राखलेले औद्योगिक विभाग) यांत मुख्यतः तरुण, अविवाहित मुलींची भरती झाली. त्यांची बोटे उपजतच चपळ असतात, असे कारण दिले जाई. डायान एल्सन व रूथ पिअर्सन यांनी १९८१ मध्ये ते खोडून काढले : हे कसब मुली घरच्या शिवणकामातून शिकलेल्या असतात, पण ते शिक्षण कोणाच्या हिशेबात नसल्याने काम ‘अकुशल’ ठरते आणि मजुरीही तशीच मिळते.

‘श्रमाचे स्त्रीकरण’ या संकल्पनेचा प्रसार बहुधा गाय स्टँडिंग यांच्या १९८९ मधील लेखापासून झाला. कामगारांत स्त्रियांचे प्रमाण वाढणे, हा तिचा एक अर्थ; पूर्वी स्त्रियांच्याच वाट्याला येणारी अस्थिर, कंत्राटी कामे पुरुषांनाही करावी लागणे, हा दुसरा. पुष्कळ लेखनात या दोहोंची गल्लत होते.

वेतनतफावतीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर (१९५७) यांच्या मते पक्षपाताची किंमत मालकालाच मोजावी लागते. तेवढेच काम कमी वेतनात करणाऱ्या स्त्रीला डावलणे मक्तेदारीच्या नफ्यात परवडते, स्पर्धेत नाही. म्हणून व्यापार खुला होऊन स्पर्धा वाढल्यावर तफावत घटावी. सँड्रा ब्लॅक व एलिझाबेथ ब्रेनर्ड यांना अमेरिकेच्या आकडेवारीत याला पुष्टी मिळाली. शिक्षण, अनुभव इत्यादींतील फरक वजा केल्यावर उरणारी तफावत त्यांनी मोजली होती. त्याच धर्तीवर बेरिक, रॉजर्स व झ्वेग्लिक यांनी तैवान व दक्षिण कोरिया तपासले, तेव्हा मोजक्या कंपन्यांच्या हाती असलेल्या उद्योगांत स्पर्धेबरोबर तफावत वाढलेली आढळली. खर्चकपातीचा भार सौदाशक्ती कमी असलेल्यांवर पडतो, हे त्याचे स्पष्टीकरण निर्यातक्षेत्रांतील अनुभवाशी अधिक जुळते.

तंत्रज्ञानाचा परिणामही एकसारखा नाही. संगणकीय यंत्रांमुळे अंगमेहनतीचे महत्त्व घटून काही ठिकाणी स्त्रियांची मागणी वाढली. मेक्सिकोच्या जुळणी कारखान्यांत मात्र पुढे पुरुषांचा वाटा वाढत गेला.

समान मूल्याच्या कामाला समान वेतनाचा करार (क्र. १००) आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५१ मध्ये संमत केला. याच संघटनेच्या अंदाजानुसार जागतिक वेतनतफावत सुमारे २० टक्के आहे. ही तफावत पगारी कामगारांपुरतीच मोजलेली आहे. निर्यातीच्या मालाचे काम घरी नगावर करणाऱ्या स्त्रिया बहुतांशी तिच्याबाहेर राहतात.